तीनदा अलाइनमेंट करूनही गाडी डावीकडेच: एका हॅचबॅकची पूर्ण केस

ही केस माझ्या मावसबहिणीच्या गाडीची. ताई वाईला राहते, साताऱ्यात कॉलेजवर शिकवते, रोजचं जाणंयेणं धरून ७० किलोमीटरच्या आसपास होतं, त्यात पाचवडपासून पुढे सगळा हायवे. गाडी पेट्रोल हॅचबॅक, ६ वर्षांची, सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा), म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांसारखीच. मेच्या शेवटी पावसाळ्याच्या आधी तिने पुढचे दोन टायर नवीन टाकले आणि त्या दिवसापासून गाडी डावीकडे ओढायला लागली. दसऱ्याला मी गेलो तेव्हा म्हणाली, "अरे, तीन वेळा अलाइनमेंट करून झालं, प्रत्येक वेळी पोरं म्हणतात मॅडम आता एकदम ओके, आणि पाचवडला हायवेला लागले की परत तेच, हात दुखतो माझा."

पूर्ण लिहितोय कारण या एका गाडीत दोन वेगळी दुखणी एकावर एक बसलेली होती आणि त्यांचं एकमेकांशी नातं फार विचित्र होतं. गाडी ओढायला लागली तेव्हा अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, बरोबर होतं. ते खरंच बिघडलं ते नंतर, आणि बिघडलं तेही अलाइनमेंटच्या मशीनवरच.

कागद आधी

ताईने सगळे प्रिंटआऊट डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवले होते, त्यामुळे अर्धं काम तिथेच झालं. सगळ्यांना सांगतो, अलाइनमेंटचा कागद मागून घ्या, आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे दोन्ही असलेला, तो नसेल तर तुमच्या गाडीला काय केलं याचा कुठलाच पुरावा तुमच्याकडे राहत नाही.

पहिला कागद टायर टाकले त्याच दिवशीचा. टोटल टो, म्हणजे वरून बघितलं तर दोन्ही चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलेली, आधी उणे ६ मिनिटं, नंतर उणे २ मिनिटं. उणे म्हणजे बाहेर. इथली मिनिटं म्हणजे कोनाची, एका अंशात ६०. दोन्ही आकडे हिरव्यात, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत; बाहेर गेला की लाल. कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेर कल, डावीकडे उणे २५ मिनिटं, उजवीकडे उणे १८. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा बाजूने दिसणारा मागे कल, डावीकडे ३ अंश ५ मिनिटं, उजवीकडे ३ अंश १५. मागच्या अ‍ॅक्सलचा थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं गाडीच्या मध्यरेषेपासून किती तिरकी रोखलेली, ३ मिनिटं, म्हणजे नसल्यात जमा.

आता यातलं गाडीला एका बाजूला ओढू शकतं ते काय, तर कॅम्बर आणि कॅस्टर. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह तिकडे गाडी जाते, ज्या बाजूचा कॅस्टर कमी तिकडे गाडी जाते, पण हाताला जाणवेल इतकं ओढायला डाव्या-उजव्यात साधारण अर्ध्या अंशाचा, म्हणजे ३० मिनिटांचा फरक लागतो. इथे कॅम्बरचा फरक ७ मिनिटं आणि कॅस्टरचा १०. एवढ्याने गाडी ओढत नाही. आणि टो, ज्याच्यासाठी आपण खरे पैसे देतो, तो पुढच्या चाकांचा टो कितीही चुकला तरी सरळ रस्त्यावर गाडी सहसा ओढत नाही. चालताना दोन्ही चाकं ती चूक आपापसात निम्मी निम्मी वाटून घेतात, गाडी सरळ जाते, फक्त स्टिअरिंग वाकडं दिसतं आणि टायर झिजतात. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि दुकानात कोणी सांगतही नाही. अशा गाड्यांत कंपनीकडून अ‍ॅडजस्ट करायची सोय फक्त पुढच्या टोची असते, कॅम्बर कॅस्टर मशीनवर दिसतात पण फिरवायला काही नसतं, मागच्या टॉर्शन बीमला तर काहीच नाही. म्हणजे "गाडी ओढते" अशी तक्रार घेऊन आपण जातो आणि दुकानवाला जे एकमेव फिरवू शकतो त्याचा ओढण्याशी जवळजवळ संबंध नसतो.

दुसरा कागद जुलैचा, दुसऱ्या दुकानातला, आकडे जवळपास तेच. दोन वेगळ्या मशीनवर तेच आकडे आले म्हणजे आकडे खरे आहेत. या ठिकाणी कोणीतरी म्हणायला हवं होतं की मॅडम, अलाइनमेंटमध्ये काही नाही, दुसरीकडे बघा.

तिसरा कागद ऑगस्टचा, तिसऱ्या ठिकाणचा, आणि त्यावर फक्त आधीचे आकडे. नंतरचं पान नाही. ताई म्हणाली, त्या मुलाने गाडी चालवून पाहिली, परत लिफ्टवर घेतली, काहीतरी फिरवलं, परत चालवून पाहिली आणि म्हणाला आता स्टिअरिंग सरळ आहे बघा. आणि खरंच सरळ दिसत होतं, पण हाताला जोर तेवढाच लागत होता.

गाडी बघितली

सकाळी गाडी थंड असताना हवा तपासली. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो स्टिकर असतो त्याच्यापेक्षा पुढचा डावा ३ पीएसआय कमी. हवा कमी असलेल्या बाजूला गाडी ओढते हे तर सगळ्यांना ठाऊक, सगळी हवा सारखी केली, एक चक्कर मारली, ओढणं जरा कमी झालं पण गेलं नाही.

मग पुढच्या टायरवर आडवा हात फिरवला, म्हणजे आतल्या कडेकडून बाहेर आणि परत बाहेरून आत. आतून बाहेर जाताना हात गुळगुळीत सरकत होता, बाहेरून आत येताना प्रत्येक पट्ट्याची कड बोटाला करवतीसारखी लागत होती, दोन्ही टायरना तसंच. नुसतं बघून काही कळत नव्हतं, टायर नवीनच दिसत होते. याला आमच्याकडे टायरला धार आली म्हणतात आणि ही धार टोशिवाय सहसा येत नाही. या दिशेने धार म्हणजे टो आऊट, चाकं पुढून एकमेकांपासून फाकलेली. उलट दिशेने लागली असती तर टो इन. कॅम्बर चुकला असता तर एकीकडची कड सरसकट उतरली असती, हवा कायम कमी असती तर दोन्ही कडा, हवा जास्त असती तर मधला भाग. हात फिरवायला पैसे लागत नाहीत आणि महिन्यातून एकदा पेट्रोल भरताना केलं तरी टायर वाचतो, हे मी घरातल्या प्रत्येकाला शिकवलंय.

पण मेच्या आणि जुलैच्या कागदावर तर टो हिरव्यात होता. मग ही धार आली कुठून?

गाडी जॅकवर घेऊन खाली बघितलं. टो बदलतो तो टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारी दांडी, कमीजास्त लांब करून. उजव्या टाय रॉडचा लॉक नट चकचकीत, त्याच्यावर पान्याच्या ताज्या खुणा, आटे स्वच्छ. डाव्या बाजूचा नट चिखलाने माखलेला, गंज चढलेला, त्याला पावसाळाभर कोणी हात लावलेला नव्हता. म्हणजे तिसऱ्या ठिकाणी फक्त उजव्या बाजूने फिरवलं होतं. हे बघितल्यावर काय झालं असेल ते कळलं. गाडी डावीकडे जातेय म्हणून ताईला स्टिअरिंग जरासं उजवीकडे धरावं लागत होतं, ते वाकडं दिसत होतं, तर त्या मुलाने उजवं चाकच बाहेर वळवून दिलं म्हणजे धरलेलं स्टिअरिंग सरळ दिसेल. दिसणं सुधारलं, आजार तिथेच, आणि वर टो बिघडला. मुलाला दोष देत नाही, त्याच्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं आणि मालकाने त्याला तेवढंच शिकवलेलं असणार, पण दोन महिन्यांत टायरना धार आली ती त्याच्याने.

चाक वर असतानाच बाकीचं तपासून घेतलं. चाक डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवलं की टाय रॉड एंडचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, कळतो, वर-खाली धरून हलवलं की बेअरिंग आणि बॉल जॉइंटचा. दोन्हीकडे घट्ट. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा दांडा) रबरी बुश थोडे तडकलेले पण सुटलेले नाहीत. हे आधी बघायलाच पाहिजे कारण प्ले असलेल्या गाडीचं अलाइनमेंट मशीनवर हिरवं येतं आणि पहिल्या खड्ड्यात परत बदलतं, ते पैसे अक्षरशः पाण्यात.

रस्त्यावर

आपल्याकडे गाडी थोडी डावीकडे जाणं हे रस्त्यामुळेही असतं हे विसरून चालत नाही. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला उतार देतात, १०० ला २ ते अडीच, आणि आपण डावीकडून चालवतो म्हणून तो उतार आपल्याला डावीकडे नेतो. त्यामुळे हात सैल सोडला आणि गाडी हळूहळू डावीकडे सरकली तर तो दोष नाही. रविवारी सकाळी साताऱ्याच्या एमआयडीसीत रिकामा सपाट रस्ता शोधला आणि एकाच पट्ट्यावर जाऊन येऊन, दोन्ही दिशांनी, ५० च्या स्पीडला, हात स्टिअरिंगच्या अगदी जवळ ठेवून बघितलं. दोन्ही दिशांनी डावीकडेच, आणि सरकणं नाही तर चांगलं ओढणं. म्हणजे रस्ता नाही, गाडीच.

न्यूट्रलला टाकून सोडली तरी तेच, म्हणजे इंजिनच्या जोराचा प्रश्न नाही. ब्रेक लावताना ओढणं वाढत नव्हतं, आणि थांबल्यावर दोन्ही रिमजवळ हात नेला तर ऊब सारखी, म्हणजे ब्रेकचा कॅलिपर अडकलेला नाही. अडकलेला असता तर ते चाक तापलं असतं, मायलेजही पडलं असतं.

राहिला टायर. टायरच्या बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण नव्हता, म्हणून पुढची दोन्ही चाकं डाव्याची उजवीकडे आणि उजव्याची डावीकडे केली, बाकी कशाला हात लावला नाही. परत तोच रस्ता, तोच स्पीड. गाडी उजवीकडे गेली. ताई शेजारी बसलेली, ती एकदम म्हणाली, "अरे थांब, आता ही इकडे कशी चालली?"

इथे केस सुटली. अलाइनमेंट गाडीच्या अंगाला असतं, चाकं अदलाबदल केल्याने ते बाजू बदलत नाही. ओढण्याने बाजू बदलली म्हणजे ते चाकाबरोबर फिरतंय, म्हणजे टायर. नवीन टायरमध्येही हे होतं, आतले स्टीलचे पट्टे बनवताना किंचित एका बाजूला सरकून बसले की टायर दिसायला गोल पण चालायला शंकूसारखा होतो, कागदी चहाचा कप आडवा टाकून ढकलला की तो कसा वळत वळत जातो तसा. बाहेरून दिसत नाही, बॅलन्सिंग मशीनवरही कळत नाही, कारण वजन बरोबर असतं. स्पीडला स्टिअरिंग थरथरणं हा बॅलन्सिंगचा विषय, तो यात नव्हताच.

आता दोन्ही नवीन टायर मागे टाकले आणि मागचे जुने, ज्यांच्यात अजून ४ मिलीमीटरच्या वर नक्षी होती, ते पुढे घेतले. टायर दोनच बदलायचे असतील तर नवीन जोडी मागे टाकावी असं टायर कंपन्या तशाही सांगतात, ओल्या रस्त्यावर मागचं घसरणं सावरायला जास्त अवघड म्हणून, आणि फ्रंट व्हीलड्राइव्हच्या गाडीत आपल्याकडे सर्रास उलटं करतात. असो. परत रस्त्यावर नेली, गाडी बाणासारखी सरळ, हाताला जोर शून्य. पाच महिन्यांचं ओढणं एका जॅकने आणि तासाभराने गेलं.

आणि स्टिअरिंग? ते आता डावीकडे कललं, साधारण ५ अंश. अपेक्षितच होतं. ओढणं गेल्यावर ते उजवं बाहेर वळवलेलं चाक उघडं पडलं.

म्हणजे आता खरंच अलाइनमेंट हवं

आता कारणं होती, स्टिअरिंग वाकडं आणि टायरला धार, दोन्ही टोची खूण, एक सोडून दोन. साताऱ्यातच एका दुकानात गेलो, जाण्याआधी हवा बरोबर केली, डिकीतलं सामान काढलं, आणि तिथे मुलाला शांतपणे सांगितलं की स्टिअरिंग सरळ करून लॉक लाव, चाकं थोडी पुढेमागे ढकलून रन-आऊट घे (म्हणजे रिमचा वाकडेपणा मोजमापातून वजा होतो), दोन्ही टाय रॉड उघड, आणि आधीचं-नंतरचं दोन्ही छाप. चांगला मुलगा होता, त्याने सगळं केलं, डावा गंजलेला नट सोडवायला त्याला बराच वेळ लागला, स्प्रे मारून वाट बघावी लागली.

आधीचे आकडे असे आले: डावा टो उणे ४ मिनिटं, उजवा टो उणे ४४ मिनिटं, टोटल उणे ४८. उजवा लाल. हाताला जे लागलं होतं तेच मशीनने सांगितलं. चालताना ही ४८ मिनिटं दोन चाकांत वाटली जातात, प्रत्येकी २४, आणि २४ मिनिटांचा कोन म्हणजे दर किलोमीटरला टायर जवळजवळ ७ मीटर आडवा घासला जातो. ताईच्या रोजच्या ७० किलोमीटरला प्रत्येक पुढचा टायर अर्धा किलोमीटरच्या आसपास आडवा घासत होता. दोन महिन्यांत धार आली यात नवल काहीच नाही.

काम झाल्यावर डावा उणे २, उजवा उणे ३. कॅम्बर कॅस्टर मेमध्ये होते तिथेच, दोनपाच मिनिटं इकडेतिकडे. चारपाचशे रुपयांचं काम, पण योग्य वेळी केलेलं.

तिथेच शेजारच्या गाडीवाल्याला कोणीतरी सांगत होतं की कॅम्बर लाल येतोय, जॅक लावून थोडं दाबून सेट करून देतो. ज्या गाडीत कॅम्बरला अ‍ॅडजस्टमेंट नाही तिच्यात कॅम्बर लाल आला तर काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय, आणि ते काय हे शोधायला मशीनवर एसएआय (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा समोरून दिसणारा आत कल) आणि इन्क्लुडेड अँगल (एसएआय आणि कॅम्बर यांची बेरीज) असतो. इन्क्लुडेड अँगल दोन्हीकडे सारखा असेल तर सबफ्रेम (सस्पेन्शन बसवलेली खालची चौकट) किंवा वरचं माउंटिंग सरकलेलं असू शकतं, तो बिघडला असेल तर स्ट्रट किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकलेला. वाकलेला भाग बदलायचा, वाकवून आकडा हिरवा करायचा नाही, स्टिअरिंगचा आणि सस्पेन्शनचा भाग आहे तो, त्याच्यावर माणसं बसतात. मी त्या गृहस्थांना हे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि गाडी काढली.

ताईने जाताना विचारलं मग आता दर ५ हजारला करायचं का, बोर्डवर तसं लिहिलंय. माझं म्हणणं असं की तपासणं आणि फिरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किलोमीटर झाले म्हणून टो आपोआप बदलत नाही. तो बदलतो तो दणका बसल्यावर, पसरणी घाटात खड्ड्यात रिम वाजली, फुटपाथच्या कडेवर चाक चढलं, किंवा टाय रॉड एंड, लोअर आर्म, स्ट्रट असं काही उघडून बदललं तर, आणि बुश हळूहळू सैल होत गेले तर. टाय रॉड किंवा लोअर आर्म बदलला तर चर्चाच नाही, करायचंच. दणका बसल्यावर आधी सपाट रस्त्यावर स्टिअरिंगचा लोगो सरळ आहे का बघ, आठवड्यादोन आठवड्यांनी टायरवर हात फिरव, यातलं काही बदललेलं असेल तर जा. ओढत असेल तर आधी हवा, मग चाकांची अदलाबदल, मग ब्रेक, आणि या तिन्हीत नाही सापडलं तरच मशीन. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, नुसते आकडे बघायला गेलीस तर चांगलंच, पण आकडे हिरव्यात असतील तर नटाला हात लावू देऊ नकोस. ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून असलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत टो फिरवल्यावर स्टिअरिंगचा सेन्सरही स्कॅनरने शून्यावर घ्यावा लागतो, तुझ्या गाडीत ते नाही.

फेब्रुवारीत परत गेलो तेव्हा गाडी सरळ होती, पुढच्या टायरवर हात दोन्हीकडून गुळगुळीत, नक्षीची खोली आत, मध्ये आणि बाहेर मोजली तर ३.६, ३.७, ३.६ मिलीमीटर. मागे टाकलेले धारवाले टायर सुरुवातीला हायवेला घूंऽऽ असा आवाज करायचे, ते धारेमुळेच असतं, तो आवाज आता बराच बसलाय. टायरच्या दुकानदाराने बाहेरून दोष दिसत नाही म्हणून बदलून द्यायला नकार दिला, त्यामुळे तो शंकू टायर मागेच राहणार, मागचं चाक वळत नाही म्हणून तिथे त्याचा त्रास जाणवत नाही. त्याच्या आतल्या बाजूला मी पांढऱ्या पेंटने मोठ्या अक्षरात "कायम मागे" लिहून ठेवलंय, म्हणजे पुढच्या वेळी कोणी टायर रोटेशन करताना तो उचलून पुढे लावला तर ताईला उभ्या उभ्या सांगता येईल.